उंडीखालचा आठवा साहेब

१

आडेखोलच्या किनाऱ्यावर, उंडीच्या झाडांखाली, साहेबांच्या आठ कबरी होत्या. शुक्रवारी सकाळी त्यातली एक रिकामी सापडली.

महायुद्धातल्या एका पावसाळ्यात बॉम्ब टाकणारं विमान या समुद्रात कोसळलं होतं. आत आठ जण, मिसरूड फुटून फार दिवस न झालेले. समुद्रानं प्रेतं परत केली आणि गावानं ती वाळूत पुरली. मग एक इंग्रज अधिकारी आला. आठ माणसं हरवली होती, आठ कबरी दिसल्या. सलाम ठोकून तो निघून गेला. लढाई संपल्यावर ठिकठिकाणच्या अशा कबरी हलवून एका मोठ्या दफनभूमीत नेल्या गेल्या, पण आडेखोलचे आठ जण राहूनच गेले. आता त्यांच्या देशातून पथक आलं होतं, रत्नागिरीत हॉटेलात उतरलं होतं. उद्या ते हाडं काढणार, तपासणार, कोण कुणाचा ते ठरवणार आणि एकेकाला घरी नेणार.

"आणि उद्या मी त्यांना काय दाखवू, मॅडम? हा खड्डा?" सरपंच प्रथमेश ओरडला. मांडवाची जागा आखायला तो सकाळी आला आणि त्यालाच हे पहिल्यांदा दिसलं होतं.

उपनिरीक्षक करुणा खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच ठाण्यात रुजू झाली होती. आडेखोलात तिला न ओळखणारं कोणी नव्हतं. ती इथल्याच बौद्धवाडीतली. म्हणूनच मागून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "रत्नागिरीत दुसरं कोण गावलं नाय काय पाठवायला?"

करुणानं मान वळवली नाही. कबरीभोवतीचे चिरे उचलून बाजूला नीट रचलेले होते. बाकीच्या सात कबरींना कुदळीचं टोकसुद्धा लागलेलं नव्हतं. आठही कबरी अगदी सारख्या, एकीवरही नाव नाही. मग चोरानं कुठेही न चाचपडता नेमकी हीच का उघडली?

"तपास कसला करता?" प्रथमेश म्हणाला. "सरळ होकाचोराच्या घरी जा. परवाच्या ग्रामसभेत त्या उमेरनं सगळ्यांसमोर धमकी दिलीन, आधी माझ्या पणज्याचं नाव साफ करा, मग साहेबांचं स्मारक बांधा. स्मारकावर माझ्या आजोबांचं नाव लागतंय ना, ते बघवत नाय त्यांना."

ती गोष्ट करुणानं लहानपणापासून ऐकली होती. प्रथमेशचे आजोबा त्या वेळचे पोलीस पाटील. त्यांनी साहेबांना माती दिली, म्हणून सरकारात त्यांचा मान झाला. आणि हसन नाखवा, होडीवाला. त्यानं म्हणे मेलेल्या साहेबाच्या अंगावरचा होका, म्हणजे होकायंत्र, चोरलं आणि पोटुशी बायको टाकून आफ्रिकेला पळाला. तेव्हापासून त्या घराला गावात दुसरं नाव नव्हतं. होकाचोर. शाळेच्या हजेरीच्या वेळीसुद्धा मागच्या बाकावरून कोणीतरी ते कुजबुजायचंच.

इतक्यात हवालदार लवू धापा टाकत वाळूतून आला. पोलीस पोचण्याआधीच गावातल्या पोरांनी उमेरची होडी उलटीपालटी केली होती.

"मॅडम, जाळ्याखाली हे गावलं."

त्याच्या रुमालात पितळेचं जुनं होकायंत्र होतं. मागे इंग्रजी अक्षरं कोरलेली.

२

"या, या. झडती घ्या. भांडी मोजा. घर तर तुमच्याच बापाचं आहे," साबेरा दारातच उभी राहून म्हणाली. उमेरची आई. तिनं करुणाला आत बोलावलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

पडवीत खुर्चीवर गफूरचाचा बसले होते, हसन नाखव्याचा मुलगा. बाप गेला तेव्हा ते आईच्या पोटात होते. जन्मभर जहाजावर काढून आता डोळे पाण्याकडे लावून बसत. खांबाला टेकून उमेर, त्यांचा नातू. आखाती देशातल्या एका गोदीत त्याची नोकरी पक्की झाली होती, व्हिसा आला होता. एक गुन्हा नोंदला गेला की सगळं पाण्यात.

"होडीत कोणी ठेवलं ते मला विचारता?" उमेर म्हणाला. "होडी रात्रंदिवस उघड्यावर असते. आणि मी चोरलं असतं तर होडीत ठेवीन? एवढा येडा वाटतो?"

"ग्रामसभेत काय बोललास?"

"खरं तेच. साहेबांना घरी नेतात, फुलं घालतात. चांगलं आहे. पण त्या पाटीवर पाटलाचं नाव लागणार, आणि त्याच पाटलानं आमच्या पणज्याला चोर ठरवला. मग मी टाळ्या वाजवू?"

करुणानं होकायंत्र गफूरचाचांसमोर धरलं. "चाचा, तुम्ही जहाजावरचे. जरा बघता?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागे घेतले, जणू ते तापलेलं होतं.

"हात नाय लावणार. ऐंशी वर्षं लावला नाय तो आता लावू? ठसे उमटवून न्यायला आलीस काय, पोलीसबाई?"

"तसं नाही हो चाचा."

"तसंच असतं. मी बारा देशांची बंदरं बघितली. आफ्रिकेच्या प्रत्येक बंदरात उतरलो की विचारायचो, आडेखोलचा हसन कोणी बघितला काय. माझी आई मरेपर्यंत बांगड्या घालून बसली. कोणी बघितला नाय त्याला. आणि आता तुम्ही त्याचा होका माझ्या नातवाच्या होडीत बघितलात!"

करुणा होकायंत्र उलटंसुलटं करत होती. आडेखोलच्या हवेत दाराची कडी वर्षभरात हिरवी पडते. आणि हे पितळ चकाकत होतं. होडीच्या तळाशी त्यानं एक पावसाळासुद्धा काढलेला नव्हता. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत मात्र काहीतरी घट्ट बसलं होतं, टाचणीनं उकरावं लागेल असं. तिनं टाचणी लावली. टोकाला आलं ते तिनं कागदावर झटकलं, कागदाची घडी घातली आणि कोणाशी काही न बोलता खिशात ठेवली.

"काय मिळालं?" साबेरानं विचारलं.

उत्तर द्यायच्या आतच अंगणात आरडाओरडा झाला. कबरस्तानाच्या कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसली होती.

३

कबरस्तान वरच्या कातळी सड्याकडे, तांबड्या मातीत. त्याच्या दगडी गडग्याच्या बाहेर अर्धा गाव जमला होता. साबेरा आणि मोहल्ल्यातल्या बायका एका टोकाला, प्रथमेश आणि त्याची माणसं दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या रिकाम्या जागेतून शिव्या इकडून तिकडे जात होत्या.

जमातीच्या लोकांना विचारून, रीतसर पंचांसमोर, माती हळूहळू बाजूला केली. खाली नव्या कोऱ्या पंच्यात गुंडाळलेली हाडं होती.

"सापडला साहेब!" प्रथमेश गडग्यावरून ओरडला. "बघा मॅडम, कोणाच्या जागेत सापडला! अजून काय पाहिजे?"

गफूरचाचांना दोघांनी धरून आणलं होतं. ते वाकून बघत राहिले. मग रागानं म्हणाले, "हे आमच्या माणसाचं काम नाय. डोकं उत्तरेला हवं, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला. ह्यानं उताणा टाकलाय, आभाळाकडे तोंड करून. वर फळ्या नाय, काय नाय, थेट माती लोटलीय. उमेरला सात वर्षांचा असल्यापासून ठाव आहे कसं ठेवायचं ते."

"मुद्दाम केलं असेल, ओळखू येऊ नये म्हणून!" बाहेरून आवाज आला.

करुणा गुडघ्यांवर बसली. तांबड्या मातीत पांढरे खडे चमकत होते. ते फक्त पंच्याच्या आसपासच होते, बाकी कुठेच नाहीत. तिनं एक खडा बोटात धरला आणि तिचा हात तिथेच थांबला. तिला तो चाखून बघायची गरज नव्हती.

मग तिनं पंच्याची घडी जरा उलगडली. छातीच्या फासळ्यांमध्ये काळी पडलेली एक छोटी चांदीची डबी होती, दोन्ही टोकांना दोरा ओवायची कडी. ती डबी पाहताच गफूरचाचा धरणाऱ्यांचे हात सोडवून पुढे झुकले.

तावीज.

साहेबाच्या गळ्यात तावीज?

४

"उमेरला संध्याकाळपर्यंत आत घ्या," फोनवर वरिष्ठ म्हणाले. "होका त्याच्या होडीत, हाडं त्यांच्या कबरस्तानात. आणखी काय पाहिजे तुम्हाला? उद्या परदेशी लोक येतायत."

"सर, तो साहेब नाहीच."

"काय?"

"संध्याकाळपर्यंत सांगते, सर."

जीपमध्ये बसून तिनं डोळे मिटले. दुधानं छाती भरून आली होती, दुखत होती. घरी बाळ आजीच्या हातून बाटली घ्यायला तयार नव्हतं असा दुपारीच निरोप होता. पण मनात दुसरंच लेकरू होतं. तिची पहिली. बारशाच्या आधीच गेलेली. वाडीच्या मागच्या उतारावर तिला ठेवलं तेव्हा कुणीतरी करुणाच्या मुठीत खडेमीठ दिलं होतं आणि म्हटलं होतं, घाल बाय, वर घाल, आपल्यात घालतात. देव सोडले, जुन्या चालीरीती सोडल्या, पण पुरताना मीठ घालायचं मात्र कुणाच्या हातून सुटलं नव्हतं.

ज्यानं तो माणूस कबरस्तानात नेला, त्याला ठाऊक होतं की हा मुसलमान आहे. जागा त्याला कळली होती. रीत कळली नव्हती. म्हणजे तो स्वतः मुसलमान नव्हता. आणि त्याच्या हातानं मीठ घातलं होतं. आठ सारख्या कबरींतून त्यानं नेमकी ही उघडली, कारण कुठल्या कबरीत कोण, हे त्याच्या घरात बापाकडून मुलाला सांगितलं गेलं होतं. असं सांगणारं घर एकच असू शकतं: ज्यानं त्या कबरी खणल्या त्याचं.

आणि गावातल्या बेवारस प्रेतांसाठी खड्डे खणण्याचं काम त्या काळी कोणाच्या माथी मारलेलं असायचं, हे करुणाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं जीप बौद्धवाडीकडे वळवायला सांगितली.

धोंडूकाका ओटीवर कोयतीला धार लावत बसले होते. ती आत आली तशी त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"काका, जय भीम."

"जय भीम."

"तुमच्या आजोबांनी साहेबांना पुरलं ना?"

"पुरलं. हुकूम होता. प्रेतं सडलेली, कोण हात लावणार? मग वाडीतली माणसं आहेतच."

"किती साहेब होते?"

कोयती दगडावर थांबली. आतून धोंडूकाकांची बायको बाहेर आली आणि दारात उभी राहिली. "काय इचारतेस त्यांना? आपल्याच माणसाला बेड्या घालायला शिकलीस काय शहरात जाऊन?"

"काकी, मी काकांना विचारतेय."

"इचार, इचार. मोठी साहेबीण झालीस! त्या मीठ घालणाऱ्या हातांनी तुझी पोर पुरली होती, ती आठव!"

काकीनं रागाच्या भरात जे ओठांबाहेर टाकलं, ते परत घेता येणार नव्हतं. मिठाची गोष्ट करुणानं तोवर एका शब्दानंही काढलेली नव्हती.

धोंडूकाकांनी कोयती खाली ठेवली.

"सात," ते म्हणाले. "साहेब सातच लागले किनाऱ्याला. आठवा समुद्रानं दिला नाय कधी."

५

ग्रामपंचायतीच्या खोलीत प्रथमेश टेबलामागे बसला होता. समोर गफूरचाचा, उमेर, कोपऱ्यात लवू हवालदार आणि त्याच्या शेजारी धोंडूकाका. करुणा उभीच राहिली.

"मी थोडक्यात सांगते," ती म्हणाली. "हसन नाखवा आफ्रिकेला गेला नाही. वादळात होडी घालून त्यानंच प्रेतं ओढून आणली. पोलीस पाटलांनी एका साहेबाच्या कमरेचा होका काढून घेतला. हसन म्हणाला, मेलेल्याचं आहे, त्याच्या घरी जायला हवं, मी गोऱ्या साहेबाला सांगणार. वाळूतच भांडण झालं, पाटलांनी हसनच्या डोक्यात वल्हं घातलं. धोंडूकाकांच्या आजोबांना सांगितलं, अजून एक खण. इंग्रजाला आठच हवे होते, आठ मिळाले. आणि जो उलटून बोलू शकत नव्हता त्याच्यावर चोरीचा आळ आला."

गफूरचाचांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बढिया गोष्ट," प्रथमेश हसला. "ह्या धोंडूनं सांगितली वाटतं? आणि तू ऐकलीस. वाडीची ना तू शेवटी."

"धोंडूकाकांनी कबर उकरली, हे त्यांनी कबूल केलं आहे. उद्याच्या तपासणीत आठवा आपल्याच गावचा निघणार, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही त्यांना काय म्हणालात?" ती धोंडूकाकांकडे वळली.

धोंडूकाका जमिनीकडे बघून बोलले. "म्हणाला, हाड निघालं की पयला सवाल खणणाऱ्याला. खड्डा कोणी खणला? तुझ्या आज्यानं. मग मारला कोणी, हे लोक तुमच्याच वाडीवर टाकतील. माझं नाव कोण घेणार? काढ आणि खाडीत टाक, म्हणाला." त्यांनी तळहात गुडघ्यांना पुसले. "काढला. पण खाडीत नाय टाकवला. त्याची माणसं वरती निजलीत तिथं नेला. आमच्या पद्धतीनं ठेवला. दुसरी पद्धत मला येत नाय."

"खोटं! पुरावा काय?" प्रथमेश उठला. "होका कोणाच्या होडीत सापडला? बोला!"

करुणानं खिशातली घडी टेबलावर उलगडली. कागदावर लाल-पिवळी चिमूट होती.

"हे होक्याच्या अक्षरांत बसलं होतं. हळदकुंकू. थरावर थर, वर्षानुवर्षांचं. खंडेनवमीला घरोघरी कोयत्या, बंदुका, हत्यारं मांडून पूजा करतात. कुणीतरी दर वर्षी हा होकाही मांडत होतं, घासूनपुसून, आजोबांचं शौर्य म्हणून. काल उमेरच्या होडीत टाकताना घाईत पुसलात, पण खाचा राहिल्या."

"कुंकू अर्ध्या गावात आहे!"

"आहे. पण होका अर्ध्या गावात जाऊ शकत नव्हता. त्या दिवशी प्रेतांजवळ तीनच घरांची माणसं होती. चाचांच्या घरात खंडेनवमी नसते. आमच्या वाडीनं ती कधीच सोडली. राहिलं तिसरं घर."

प्रथमेशच्या कपाळावरची शीर ताठली.

"मग काय झालं?" तो एकदम किंचाळला. "उचलला आजोबांनी, तर काय झालं? मेलेल्याला होका कशाला हवा? आणि तो एक नाखवा, तो काय..."

तो थांबला. फार उशीर झाला होता. लवू हवालदारानं दार आतून लावून घेतलं आणि उमेर पुढे सरसावला तसा गफूरचाचांनी त्याचा दंड पकडला.

"मारू नको," ते म्हणाले. "ह्याला बोलू दे. मला हे तोंड असंच उघडं बघायचं होतं."

६

पथक आलं आणि सात पेट्या घेऊन गेलं. आठवी पेटी रिकामीच परत गेली. सात जणांत कोण कोण आहे आणि समुद्रात कोण राहिला, हे त्यांच्याकडे पुढे कळणार होतं. पथकाबरोबर आलेली एक म्हातारी, त्यातल्या सगळ्यात धाकट्या पोराची पुतणी, करुणाला दुभाष्यामार्फत ताडताड बोलून गेली. आमच्या घरात ऐंशी वर्षं इथल्या वाळूचा फोटो भिंतीवर आहे, आणि तुम्ही म्हणता कदाचित तो इथे नाहीच? म्हातारी मग एकटीच पाण्यापर्यंत चालत गेली आणि बूट भिजेपर्यंत तिथे उभी राहिली.

प्रथमेश कोठडीत गेला, धोंडूकाकाही गेले. वाडीत करुणाशी कोणी बोलेना. तिची आई नळावर गेली की बायका आपापले हंडे उचलून निघून जात. उमेरवरचा आळ गेला, पण ज्या पोरांनी त्याची होडी उलटी केली होती त्यातला एकही सरळ करायला आला नाही.

हाडं हसन नाखव्याचीच असल्याचा तपासणीचा निकाल हातात आला त्या दिवशी मोहल्ल्यात दुकानं बंद होती. करुणा साध्या साडीत कबरस्तानाच्या गडग्याबाहेर, बायकांच्या मागे उभी राहिली. साबेरानं तिला पाहिलं.

"कशाला आलीस?"

"बघायला."

"तुझ्या वाडीनं खणली होती ती आम्ही बघितली," साबेरा म्हणाली. "ह्या वेळी आमची आम्ही खणलीय." तिनं तोंड फिरवलं. मात्र जा असं म्हणाली नाही.

आत कबर तयार होती, फळ्या काठाला टेकवलेल्या. मय्यत खाली घ्यायला उमेर उतरू लागला तर गफूरचाचांनी त्याला हातानं अडवलं. गलका झाला. चाचा, तुमचं वय काय, गुडघे काय, उतराल कसे, वर कसे याल. म्हाताऱ्यानं कोणाचं ऐकलं नाही. कफन बांधून तयार होतं. आत हाडंच फक्त, दोन हातांत मावेल एवढं. दोघांनी त्यांना काखेत धरून खाली सोडलं.

"द्या," ते खालून म्हणाले.

तिशीतला बाप वरून खाली आला आणि ऐंशी ओलांडलेल्या मुलानं त्याला घेतलं. गडग्याच्या फटीतून करुणाला दिसलं. त्यांनी एक हात पाठीखाली घातला आणि दुसरा, न चुकता, मानेखाली, जसा आपण तान्ह्या बाळाला घेताना घालतो, अजून मान धरत नसलेल्या.

"अब्बा," म्हातारा म्हणाला. ऐंशी वर्षांत त्यानं ही हाक कोणालाच मारली नव्हती. ती त्याच्या तोंडाला नीट बसेना, म्हणून त्यानं ती पुन्हा मारली.